परतीचें तिकीट

सहलीचे शेवटचे तीन दिवस सहलींत धरूं नयेत, असें आमचें आतां मत झालें आहे. देह समुद्रकांठीं असतो. मन मात्र केव्हांच घरीं पोहोंचून दूधवाल्याचा हिशेब तपाशीत असतें. गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां वेस्ट इंडीजमधील टोबॅगो बेटावर होतों. विवाहास ४० वर्षें झालीं म्हणून टोरांटोच्या आमच्या चिरंजीवांनीं ही भेट दिली होती. पिजन पॉइंटची पांढरी वाळू, झावळ्यांनीं शाकारलेला लांकडी धक्का, काचेसारखें पाणी, सारें कांहीं होतें. पण त्या भेटीबरोबर एक प्रश्नही आला होता. "साताऱ्याला दोघेंच राहून काय करणार? आतां कायमचीं इकडेच या," असें चिरंजीव निघतांना म्हणाले होते, आणि परतीच्या वाटेवर टोरांटोस उतरल्यावर उत्तर द्यावयाचें होतें.

या प्रश्नावर आमच्यांत दोन पक्ष होते. कोणता पक्ष कोणाचा, हें सांगण्यांत अर्थ नाहीं. ४० वर्षांच्या संसारांत मतें छत्रीसारखीं होतात. हाताला येईल ती घेऊन बाहेर पडावें. सकाळीं एकाला पांच वर्षांचा नातू आठवे आणि दुसऱ्याला परसांतला फणस, संध्याकाळीं फणसवाल्याचे डोळे नातवासाठीं भरून येत, आणि नातूवाला विचारी, "पण घराला कुलूप घालावयाचें तें कायमचें का?" वाद असा फिरत राही आणि समुद्र बिचारा आमच्याकडे पाहत बसे.

आदल्या दिवशीं आम्ही बोटीनें त्रिनिदादला आलों, आणि विमानाला अवकाश होता म्हणून वॉटर्लू येथील समुद्रांतलें देऊळ पाहावयास गेलों. वाटेंत घरोघरीं अंगणांत उंच वेळूंवर लाल-पिवळीं निशाणें फडकत होतीं. त्यांस तिकडे 'झंडी' म्हणतात. ज्या उंसासाठीं ही वस्ती झाली, त्याचे मळे मात्र आतां नाममात्र उरले आहेत. सरकारी साखर-कंपनीच २००३ सालीं बंद झाली.

देवळाची कथा मोठी विलक्षण आहे. शिवदास साधू नांवाच्या ऊंसमजुरानें कंपनीच्या जमिनींत देऊळ बांधलें. तें १९५२ सालीं पाडण्यांत आलें आणि त्याला तुरुंगवास घडला. जमीन मालकांची असेल, समुद्र तर कोणाचा नाहीं, असें मनाशीं धरून तो सायकलीवरून दगड, वाळू, सिमेंट वाहून उथळ पाण्यांत भर घालीत राहिला, एकदोन नव्हे, कित्येक वर्षें. पुढें १९९५ च्या सुमारास सरकारनेंच त्या जागीं आजचें देऊळ उभें केलें.

३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेंच्या आसपास मजूर घेऊन या बेटाला लागलें. पुढें १९१७ पर्यंत सुमारें १ लाख ४४ हजार माणसें आलीं; बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचीं. करार पांच वर्षांचा. आणि एकूण दहा वर्षें बेटावर काढल्यावर परतीच्या प्रवासाचा हक्क. १८६९ पासून कांहीं वर्षें त्या हक्काच्या बदल्यांत जमीन देण्याचीही योजना होती. ही करारपद्धति बंद करावी असा ठराव आमच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९१२ सालीं मध्यवर्ती कायदे कौन्सिलांत मांडला. तो फेटाळला गेला. पण पांच वर्षांनीं मजुरांची भरती थांबलीच.

ओहोटी लागली होती. चिखलांत बगळे उभे होते. एवढ्यांत मागून स्वच्छ हांक आली, "आजी!"

आम्ही दोघेंही एकदम वळलों. एक लहानगा आमच्या बाजूनें धांवत जाऊन डोक्यावर ओढणी घेतलेल्या एका वृद्ध बाईंना बिलगला. बाई इंग्रजीच बोलत होत्या. पूर्वजांची भाषा त्यांना येत नव्हती. पण बापाच्या आईला 'आजी' आणि आईच्या आईला 'नानी' म्हणावयाचें, एवढें घरांत टिकलें होतें. त्यांच्या आज्याच्या बापानें परतीच्या प्रवासासाठीं म्हणून पत्र्याच्या डब्यांत पैसे जपले होते. आधीं पीक निघूं दे, मग मुलीचें लग्न होऊं दे, मग नातू चालूं लागूं दे, असें म्हणतां म्हणतां डबा तसाच राहिला. "आणि त्या पैशांचें काय झालें?" आम्हीं विचारलें. "त्याच्या क्रियाकर्माला लागले," त्या सहज म्हणाल्या, आणि मग त्यांनीं विचारलें, "तुम्ही घरीं केव्हां जाणार?"

"उद्यां," आम्ही म्हणालों. कोणत्या घरीं, तें त्यांनीं विचारलें नाहीं आणि आम्हीं सांगितलें नाहीं.

पियार्कोच्या विमानतळावर त्या दिवशीं वाद झाला नाहीं. टोरांटोस बर्फ पडत होतें. आम्हीं चिरंजीवांना सांगितलें, "तूर्त आम्ही साताऱ्याला जातों. उन्हाळ्यांत येऊं." हें उत्तर नव्हे, मुदतवाढ आहे, हें त्यांच्याही ध्यानांत आलें, पण मुलगा सुजाण असल्यामुळें त्यांनीं निमूटपणें आमच्या पेट्या उचलल्या.

घरीं आलों तेव्हां कुलूप गंजून घट्ट बसलें होतें. तेल सोडून उघडावें लागलें. शेजारच्या वहिनींनीं तुळशीला पाणी घातलें होतें. फणसाला कोंवळीं फळें धरलीं होतीं. चहा झाल्यावर आम्हीं टोरांटोस फोन लावला. नातू झोपेंतून नुकताच उठला होता.

"आजी, आजोबा, पोहोंचलांत?"

"हो रे, घरीं पोहोंचलों."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "मग घरीं परत केव्हां येणार?"

फोन आमच्यापैकीं कोणाच्या हातांत होता, तें आतां आठवत नाहीं. दुसऱ्यानें तो घ्यावा म्हणून आम्ही दोघेंही एकमेकांकडे पाहत राहिलों.