जगाचं फेरफार रजिस्टर

काल रात्री पावणेदहाला शिंदखेड्यातल्या आमच्या माडीवर रेंज धरून बसलो होतो आणि अक्षरशः ओरडलो. ओपनस्ट्रीटमॅपच्या खुल्या नकाशात आमच्या गल्लीतल्या विहिरीचा नुसता ठिपका होता. मी तिचं नाव देवनागरीत लिहिलं. काही मिनिटांत ते जगाच्या फाइलमध्ये हजर!

हा नकाशा 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, एवढं ठाऊक होतं. त्याच्या पोटात फेरफाराचं रजिस्टर असेल, हे कुठे माहीत होतं? सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी बदलत आली ते गाव नमुना सहामध्ये, क्रमांकानिशी. इथे हुबेहूब तेच! दर मिनिटाला एक झिप केलेली फाइल निघते: जगात काय नवं आलं, काय बदललं, काय गेलं. प्रत्येक फाइलला क्रमांक. शेजारच्या चिमुकल्या फाइलीत शेवटचा क्रमांक लिहिलेला. आपल्याकडे उतरवलेल्या नकाशाच्या डेटाबेसचा क्रमांक मागे असेल, तर मधल्या फाइली ओळीने उतरवून चढवत जायच्या, बस! अख्खं जग पुन्हा उतरवायला नको. मध्येच लाइट गेली (आमच्याकडे जातेच), तर आल्यावर पुढच्या क्रमांकापासून सुरू. अर्ज नाही, शिक्का नाही. श्रेय द्या आणि सुधारलेली माहिती लोकांना देताना ती खुलीच ठेवा, एवढीच परवान्याची मुख्य अट.

मी माझ्या बदलाच्या मिनिटाची फाइल उघडली. ओळीच ओळी, कुठल्या कुठल्या लिपीतली नावं, आणि त्या गर्दीत आमची विहीर! आवृत्ती 1 ची 2 झालेली. खालून माय हाका मारतेय, "जेवाले चाल रे!" जेवण कुठलं सुचतंय?

क्रमांकांचं महत्त्वही तेव्हाच कळलं. 2011च्या जनगणनेत आमचा तालुका 'सिंदखेडे', रेल्वेच्या लेखी 'सिंदखेडा', आम्ही म्हणतो शिंदखेडा. बुलढाण्याचं सिंदखेडराजा आणखी वेगळं! नावावरून याद्या जुळवाल तर संगणक एका गावाची तीन करील. इथे ठिपक्यालाही स्वतःचा क्रमांक असतो; नाव बदललं तरी तो तोच.

रविवारी मुडावदला जातोय, तापी-पांझरेच्या संगमावर. तिथल्या वाटा टिपायच्यात. तुमच्या गावाचं नाव त्या नकाशात देवनागरीत आहे का, तेवढं आज रात्री बघाच.