मुसाफा

ईदची नमाज झाली की मी चप्पल शोधायच्या निमित्ताने बाजूला सरकायचो. गळाभेट चालायची, पण मुसाफा नको. दोन्ही हातांनी समोरच्याचा हात धरायचा तर आपला हात दिसतो, आणि माझा हात बघण्यासारखा नव्हता. पेरांवर भेगा, तळव्याची निघालेली साल, खाजवून काळं आणि जाड झालेलं मनगट. एका वर्षी ओळखीच्या एका बुजुर्गांनी हात पुढे केला, माझा बघितला आणि खांद्यावर थोपटून पुढे गेले. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण त्या दिवशीचा शीरखुर्मा मला गोड लागला नाही.

मला इसब आहे. लहानपणी कोपरात आणि गुडघ्यामागे होता. अम्मी म्हणायची, ‘‘बडा हुआ तो जाता बेटा. बैंगन मत खा बस.’’ बऱ्याच मुलांचा जातोही. वांगी सोडून माझा चाळिशीनंतरही राहिला.

आमच्या बेंबळीत कुठल्याही खाजेला लोक नायटाच म्हणतात. नायटा बुरशीचा, एकाचा दुसऱ्याला लागतो. इसब लागत नाही. पण हे ईदगाहवर कोणाकोणाला सांगणार? वर्गात मुलांनी विचारलं तर ‘‘खडूने होतं’’ म्हणून वेळ मारून न्यायचो. अगदीच खोटं नव्हतं ते. खडूची भुकटी आणि बोअरचं जड पाणी, दोन्हींनी कातडी कोरडी पडते.

खरा त्रास रात्रीचा. झोपेत खाजवायचो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. झोप नाही म्हणून पहिल्या तासाला चिडचिड. एकदा एका मुलाची वही मी भिरकावली. त्याची चूक फक्त ऱ्हस्व-दीर्घाची होती. ती वही उचलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, ते अजून आठवतं.

उपाय चालूच होते. कडुलिंबाचं पाणी, करंजीचं तेल, आणि मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब. त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत आराम, मग बंद. आठवड्यात पुन्हा जास्त. अशी किती वर्षं गेली! 2018 साली सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. तरी मला मिळत राहिली आणि मी घेत राहिलो. दोष दुकानदाराचा तेवढाच माझाही.

शेवटी सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, इसबाची कातडी गळक्या माठासारखी असते, ओलावा धरत नाही. म्हणून खाज नसतानाही रोज साधं, बिनवासाचं मलम लावायचं. स्टिरॉइड वाईट नाही, पण कोणतं, किती दिवस, कसं कमी करायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. मापही दाखवलं: बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मी कुठे नखभर, कुठे अर्धी ट्यूब लावत होतो.

मी वुजूचं विचारलं. पाण्याने खरंच इजा होत असेल तर तयम्मुमची सवलत आहे, हे माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी चालेल, हात टिपून लगेच मलम लावा. आता वुजूच्या जागी डबी ठेवली आहे. दिवसातून पाच वेळा आठवण होते, हे बरंच झालं.

रेशीम पुरुषांना हराम, हे मी मुलांना अनेकदा सांगितलं होतं. पण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींमध्ये असलेल्या एका हदीसकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांना खाज होती म्हणून हुजूर (सल्ल.) यांनी रेशमी सदरा घालायची परवानगी दिली. खाजेसाठी! एवढे मोठे सहाबी, आणि त्यांची खाज कोणी क्षुल्लक मानली नाही. मी मात्र स्वतःच्या बायकोपासूनही हात लपवत होतो.

इसब गेलेला नाही. थंडीत भेगा पडतातच. पण मागच्या ईदला मी चप्पल शोधली नाही. एका विद्यार्थ्याच्या वालिदांनी हात धरला आणि म्हणाले, ‘‘सर, हात तेलकट कसा?’’ मी सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग हळूच म्हणाले, ‘‘आमच्या थोरलीला पण आहे. लग्नाचं बघतोय, म्हणून कोणाला बोललो नाही.’’ ती मेडिकलमधलीच ट्यूब लावते. फोटो पाठवतो म्हणाले. अजून पाठवलेला नाही. या जुम्म्याला मीच विचारणार आहे.