बायोस अपडेट आणि एक जुनी थाप

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी होस्टेलवरून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने विषय काढला. "अब्बू, कॉम्प्युटर बदलू या का?" ती आर्किटेक्चर शिकते. तिचं एक रेंडर रात्री लावलं की सकाळी उठून बघायचं. कधी पूर्ण झालेलं असतं, कधी मधेच अडकलेलं.

हा कॉम्प्युटर आम्ही दोघांनी 2019 साली घरी जोडला होता. ती तेव्हा शाळेत होती. रायझन 5 2600 प्रोसेसर, बी450 चिपसेटचा मदरबोर्ड. लॉकडाउनमधली तिची सगळी शाळा याच मशीनवर झाली. नवीन घ्यायचा म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅमही नवी, कारण जुनी डीडीआर4 नव्या बोर्डात बसत नाही. तो हिशोब माझ्या पगाराच्या बाहेरचा होता.

पण एक वाट होती. याच बोर्डात रायझन 5 5600 बसतो. हा प्रोसेसर 2022 साली आला, म्हणजे आमच्या बोर्डाच्या चिपसेटनंतर चार वर्षांनी. किंमत तेव्हा दहा हजारांच्या आसपास होती. अट एकच, आधी बोर्डाचं बायोस अपडेट करायचं.

ती म्हणाली, "एवढंच ना? मग करू या."

मी म्हणालो, "बघू."

मला का कापरं भरलं, ते तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांत मी ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

बायोस म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपण बटण दाबतो तेव्हा प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. रॅम किती, हार्डडिस्क कुठे, कीबोर्ड आहे की नाही, काही नाही. तो पहिली सूचना वाचायला मदरबोर्डवरच्या एका नखाएवढ्या चिपकडे जातो. त्या चिपमधला प्रोग्राम सगळ्यांना जागं करतो, हजेरी घेतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. हा शब्द 1970 च्या दशकात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून आला. आजच्या बोर्डांवर त्याच्या जागी यूईएफआय आहे, पण लोकांच्या तोंडी अजून बायोसच आहे.

पूर्वी हा प्रोग्राम चिपवर कायमचा असायचा. बदलायचा तर चिपच बदलायची. नंतर फ्लॅश चिप आल्या आणि तो घरबसल्या पुन्हा लिहिता येऊ लागला. सोय झाली, तसा धोकाही आला. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले, ते याच सोयीमुळे. तो हार्डडिस्कवरची माहिती पुसायचाच, शिवाय जमेल तिथे बायोसही खराब करायचा. विंडोज बिघडली तर पुन्हा टाकता येते. पण जो जागं करतो तोच बिघडला तर बटण दाबून काही होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा राहतो.

तो काळा पडदा मी पाहिलेला आहे.

2008 चा उन्हाळा. मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात माझ्या थोरल्या भावाचं, भाईंचं, डीटीपी सेंटर होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नसराई. लग्नपत्रिका, शादीची कार्डं, वास्तुशांती, बारसं. मी कॉलेज संपवून त्यांच्या हाताखाली बसायचो. कोरल ड्रॉ आणि टायपिंग भाईंनीच शिकवलं.

एका दुपारी भाई कागद आणायला सांगलीला गेले. मी एकटा होतो. एका कॉम्प्युटर मासिकात वाचलं होतं की बायोस अपडेट केलं की मशीनला नवी ताकद येते. मशीन ठणठणीत होतं, त्याला कशाचीच गरज नव्हती. गरज मला होती, काहीतरी करून दाखवायची. बोर्डाच्या वेबसाइटवर दोन फायली होत्या. एक रिव्हिजन 1.0 साठी, दुसरी 2.0 साठी. मला वाटलं, 2.0 म्हणजे नवीन. प्रत्यक्षात तो आकडा बोर्डाच्या बनावटीचा असतो. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला असतो. दोन स्क्रू काढून पाहिलं असतं तरी कळलं असतं की आमचा 1.0 आहे.

फाइल फ्लॉपीत टाकली, फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. प्रोग्रामने इशाराही दिला, ही फाइल तुमच्या बोर्डाशी जुळत नाही, तरी पुढे जायचं का? मी वाय दाबलं.

पट्टी शेवटपर्यंत गेली. मशीन बंद होऊन सुरू झालं. पंखा फिरला. पडदा काळा.

आमच्या शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगचं दुकान होतं. चालवणाऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. आमच्या सेंटरचं शटर त्यांनीच केलं होतं, पाटीची चौकटही. पैसे हप्त्याने घेतले होते. त्यांचं वेल्डिंग सुरू झालं की आमची ट्यूबलाइट थरथरायची. यावरून भाई आणि त्यांची थट्टामस्करी चालायची.

भाई संध्याकाळी आले आणि त्यांनी विचारलं, "काय झालं रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मामांचं वेल्डिंग सुरू झालं आणि एकदम स्क्रीन गेली."

फ्लॉपी तोपर्यंत माझ्या खिशात होती.

भाई तडक शेजारी गेले. मी दारातून ऐकत होतो. मामा पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "अहो, दुपारी मशीन बंद होतं माझं. मी घरी जेवायला गेलो होतो." भाई म्हणाले, "माझा भाऊ काय खोटं बोलतोय?"

त्या प्रश्नाचं उत्तर देणारा एकच माणूस तिथे होता, आणि तो दारात उभा होता.

तसा बोर्ड आता बाजारात मिळत नव्हता. नवा बोर्ड घेतला म्हणून रॅम आणि प्रोसेसरही नवे घ्यावे लागले. नऊ हजार रुपये उसने काढले. चार दिवस सेंटर बंद. ऐन सराईत तीन पार्ट्या दुसरीकडे गेल्या. नंतर बऱ्याच वर्षांनी मला कळलं की ती चिप काढून प्रोग्रामरवर पुन्हा लिहून घेता आली असती. थोडक्या पैशांत बोर्ड जिवंत झाला असता. पण त्यासाठी दुकानात खरं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

भाईंनी मामांशी बोलणं सोडलं. गाळामालकाकडे तक्रार केली. काही महिन्यांनी मामा तिथून उठून एमआयडीसीकडे गेले. जाताना त्यांनी आमच्या शटरला तेल घालून दिलं होतं. ते मी पाहिलं होतं.

आता पुन्हा गेल्या दिवाळीकडे. मुलीला मी 'बघू' म्हणालो, पण तिने भाईंनाही सांगून टाकलं. संध्याकाळी मगरिबनंतर भाई घरी हजर. काखेत यूपीएस. त्या घटनेनंतर त्यांनी यूपीएस घेतला, तेव्हापासून बॅटऱ्या बदलत बदलत तो त्यांच्याकडे असतोच. घरात आम्ही दखनीत बोलतो. म्हणाले, "करंट का भरोसा नई. ये लगा पहले."

मी या वेळी घाई केली नाही. कॅबिनेट उघडून टॉर्चने बोर्डावरचं नाव आणि रिव्हिजन वाचलं, मुलीला वाचायला लावलं, कागदावर लिहिलं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्याच नावाचं पान उघडलं आणि आमच्या कागदाशी अक्षर अन् अक्षर जुळवलं. प्रोसेसरच्या यादीत 5600 समोर कोणतं बायोस लागतं ते पाहिलं. सोबतची टीप वाचली. काही बोर्डांवर एकदम शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एक टाकावी लागते.

मुलीने विचारलं, "एवढ्या जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर चालतो तरी कसा?"

ती गंमत तिला सांगितली. मे 2020 मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की 400 मालिकेच्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. एक कारण हे की बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप फक्त 16 मेगाबाइटची असते, मोबाइलमधल्या चार-पाच फोटोंएवढी. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नाही. लोकांनी गदारोळ केला आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. मात्र इशारा दिला की नव्यासाठी जागा करताना काही जुन्या प्रोसेसरांची माहिती काढावी लागेल आणि परत मागे येता येणार नाही.

"म्हणजे नवीन शिकायचं तर जुनं विसरायचं," ती म्हणाली.

"चिपला जागा कमी आहे म्हणून," मी म्हणालो. माणसाला ती सबब नाही, हे मनात आलं, बोललो नाही.

पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केला, फाइल त्यात टाकली. बायोसच्या जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढले, कारण अपडेटनंतर ती सगळी मूळपदावर जातात. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवली, ती नसेल तर स्वतःचीच डिस्क उघडत नाही. विंडोजमधून अपडेट करायचं टाळलं. बायोसमध्येच त्यासाठी सोय असते, ती वापरली. एंटर दाबलं. पट्टी सरकू लागली. खाली सूचना, मशीन बंद करू नका.

तिघेही उभे. भाईंचा हात यूपीएसवर, जणू हाताने वीज धरून ठेवणार. आणि ते मुलीला सांगू लागले, "तुला माहीत नाही बेटा, 2008 साली आमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याने माझं मशीन असंच घालवलं."

मुलीने सगळी हकिकत ऐकली. मग अगदी सहज म्हणाली, "पण बडे अब्बा, व्होल्टेजने सगळं जळतं ना? तुमची हार्डडिस्क, प्रिंटर, मॉनिटर सगळं ठीक होतं म्हणता. पंखाही फिरत होता. हे तर चुकीची फाइल टाकल्यासारखं वाटतंय."

पट्टी पन्नास टक्क्यांवर होती.

मी म्हणालो, "चुकीचीच टाकली होती. मी."

पट्टी संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मशीन बंद झालं, सुरू झालं. पडदा काळा. पंखा फिरत होता. पहिल्यांदा रॅम तपासायला त्याला वेळ लागतो हे मी वाचलेलं होतं, तरी तो मिनिट-दीड मिनिट मला फार लांब गेला. मग कंपनीचं चिन्ह उमटलं.

भाई म्हणाले, "तो सांगत होता, जेवायला गेलो होतो म्हणून." एवढंच. यूपीएस तिथेच ठेवला आणि चहा न घेता निघून गेले.

प्रोसेसर दुसऱ्या दिवशी बदलला. तेही सांगून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. जुना कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर सरळ न ओढता हलकेच पिळून काढा. थर्मल पेस्ट वाळलेली असली तर या बोर्डांत प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नव्या प्रोसेसरने पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर प्रश्न आला, प्रोसेसर बदललेला दिसतो, सुरक्षेच्या जुन्या चाव्या पुसू का? वाय की एन? मी तो प्रश्न दोनदा वाचला, रिकव्हरी कीचा कागद हातात घेतला आणि मगच वाय दाबलं. मुलीचं रेंडर आता झोपायच्या आत होतं.

चार दिवसांनी भाईंचा फोन आला. एक नंबर सांगितला. "मामांचा आहे. आधी तू बोल, मग मी बोलेन."

मी फोन केला नाही, रविवारी गेलो. मामा थकलेत, शेड आता मुलगा चालवतो. मी बाकावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मशीन बंद होतं माझं. एवढंच मी म्हणत होतो." मग मुलाला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस ना?" त्या घरात ही गोष्ट सतरा वर्षं कशी सांगितली गेली असेल, ते मला तेव्हा कळलं.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी भाई एकटे गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. बोर्डाचं नाव, रिव्हिजन, बायोसची जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, तारीख. पुढे जो कोणी हे मशीन उघडेल त्याला कामाला येईल. खाली मुलीने एक रकाना आखला होता, 'कोणी केलं'. त्यात माझं नाव मी माझ्या हाताने लिहिलंय.