अंगण कधीकधी वाकडं असतंच!

मैत्रिणींनो, घरात साधा मिक्सर घ्यायचा तरी आपण चार दुकानं पालथी घालतो. कुकर घेताना झाकण, रिंग, शिट्टी सगळं हाताळून बघतो. पण मुलांनी कॉम्प्युटरचं काही मागितलं, की 'काही नको, अभ्यास कर' नाहीतर 'आण तुझं तू', एवढ्यावर आपलं भागतं. माझंही भागत होतं. आणि त्यातूनच माझ्या हातून लेकीवर एक अन्याय झाला. तोच आज तुम्हाला सांगायचाय.

आमची धाकटी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरवर 'व्हॅलोरंट' नावाचा खेळ असतो, पाच विरुद्ध पाच. कॉलेजच्या संघात ही एकटीच मुलगी. गेल्या दिवाळीत तिनं खेळासाठी वेगळा कीबोर्ड आणि माऊस मागितला. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ओवाळणीचे पैसे तिच्याजवळ होतेच. मीच बाजारात गेले आणि एक जोडी घेऊन आले. खोक्यावर 'गेमिंग' लिहिलेलं, कळांखाली इंद्रधनुष्यासारखे दिवे, आणि दोन्ही मिळून नऊशे रुपये! म्हटलं, काय सौदा केला!

महिनाभरानं एका संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली ती डोळे लाल करूनच. सामना हरली होती. "आई, ऐन वेळी कळच लागली नाही गं. तीन कळा एकदम दाबल्या की एक लागतच नाही."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं न थांबवताच बोलून गेले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

ती काही बोलली नाही. त्या रात्री जेवलीही नाही. पुढचे आठ दिवस 'हो' आणि 'नको' याच्यापलीकडे तिचा शब्द नाही.

मला मात्र झोप लागेना. हे वाक्य असंच मीही कधीतरी ऐकलं होतं. १९९२ साली मी इंग्रजी टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसले होते. सहा महिने पहाटे उठून क्लासला गेले. परीक्षेत माझ्या वाट्याला आलेल्या मशीनची 'ई'ची दांडी वर गेली की तिथंच अडकायची. इंग्रजीत 'ई'वाचून दोन शब्द पुढे जात नाहीत! दरवेळी बोटानं दांडी खाली ओढायची, पुन्हा सुरू करायचं. मी नापास झाले. घरी येऊन सांगितलं तर बाबा पाहुण्यांसमोर हसून हेच म्हणाले. पुन्हा परीक्षेला बसायचा धीरच झाला नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून टायपिस्टच्या नोकरीचा अर्जही नाही. मग लग्नच ठरलं.

सकाळी उठून लेकीला म्हटलं, "दाखव बघू मला, काय होतं ते."

तिनं दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या 'शिफ्ट' कळा दाबून धरल्या आणि म्हणाली, "आता तू काहीतरी टाईप कर." मी खुर्ची ओढून बसले. काय सांगू, बोटं आपली आपण जागेवर गेली! क्लासमध्ये शेकडो वेळा बडवलेलं ते कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य, ज्यात इंग्रजीची सगळी २६ अक्षरं येतात, ते मी टाईप केलं. पडद्यावर बघते तर मधली मधली अक्षरं गायब. मी दाबली होती. कीबोर्डानं घेतलीच नव्हती.

मग तिनं मला समजावलं. साध्या कीबोर्डात कळांखाली रबराची एकच चादर असते आणि तिच्याखाली आडव्या-उभ्या रेघांची जाळी. एकेक कळ दाबली तर काम चोख. पण ठरावीक कळा एकदम दाबल्या, की न दाबलेली कळही दाबल्याचा भास होतो. याला 'घोस्टिंग' म्हणतात, म्हणजे भुताटकीच! ती टाळायला कीबोर्ड एखादी कळ सरळ सोडून देतो. पत्र लिहिताना हे आपल्या लक्षातही येत नाही. खेळात मात्र हरायला तेवढं पुरतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुण्याला गेलो. दुकानदाराला म्हटलं, हात लावल्याशिवाय घेणार नाही. तुम्हालाही कधी घ्यायची वेळ आली, तर एवढं बघा बरं का:

'मेकॅनिकल' कीबोर्डात प्रत्येक कळीला वेगळी स्प्रिंग आणि वेगळा स्विच असतो. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये किंचित अडतो, निळा टक्क वाजतो. निळा दाबला आणि मला क्लासच आठवला! पण रात्री अकराला ती टकटक सासूबाईंना कशी सोसावी? आम्ही लाल घेतला. मात्र मेकॅनिकल म्हणजे सगळं आलं असं नाही. खोक्यावर 'एन-की रोलओव्हर' लिहिलंय ना, ते पाहा. म्हणजे कितीही कळा एकदम दाबा, प्रत्येकीची नोंद होते. उजवीकडचे आकडे नसलेला ८७ कळांचा कीबोर्ड घेतला, तर माऊस फिरवायला जागा मोकळी राहते.

माऊस बांगडीसारखा हाताच्या मापाचा हवा. तळवा टेकवून धरून बघा. वजन हलकं, वायर मऊ. 'डीपीआय'च्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका, आमची लेक ८००वरच खेळते. खेळाचा चांगला माऊस आपली जागा सेकंदाला १००० वेळा कळवतो, साधा बहुधा १२५ वेळा. आणि वायरचाच घ्या. सेल नको, चार्जिंग नको, त्याच पैशांत वस्तूही सरस मिळते.

दोन्ही मिळून साडेतीन हजार झाले. निम्मे तिचे, निम्मे माझ्या भिशीचे. येताना एस.टी.त मी तिला १९९२ची सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, "चुकलंच माझं." तिनं खिडकीबाहेर बघत माझा हात धरला. स्वारगेटपासून पार साताऱ्यापर्यंत सोडला नाही.

पुढच्या सामन्याच्या दिवशी मी दाराशीच घुटमळत होते. ती बाहेर आली. हरलीच होती. पण हसत म्हणाली, "आई, आज सगळ्या कळा लागल्या. आज मीच चुकले."

मैत्रिणींनो, मूल तक्रार घेऊन आलं, की म्हण तोंडावर येतेच. ती क्षणभर गिळा, आणि आधी जाऊन अंगण बघून या.