अंगण नसलेल्या गल्लीतील विजेची मोटार

मध्य इंग्लंडमधील लेस्टर या शहराचे नाव आपल्या समाजाला नवे नाही. लंडनच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर वसलेल्या या शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर संगमरवरी दर्शनी भागाचे जिनमंदिर आहे. एका जुन्या चर्चच्या वास्तूत ते उभे राहिले आणि १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. शहराच्या उत्तर भागातील बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने आणि मिठाईची दुकाने एका रांगेत आहेत. या रस्त्याला तेथील लोक ‘गोल्डन माइल’ म्हणतात. १९७२ साली युगांडातून निघावे लागलेली अनेक गुजराती कुटुंबे या परिसरात स्थिरावली आणि त्यांनी शून्यातून व्यापार उभा केला. मुलीकडे तीन महिने मुक्काम असल्यामुळे हा परिसर पायी हिंडून पाहण्याचा योग आला. त्या फिरण्यात ज्या प्रश्नाने माझे लक्ष वेधून घेतले, तो मंदिराचा वा बाजाराचा नव्हता. घरासमोर स्वतःची जागा नसताना विजेची मोटार चार्ज कोठे करावी, हा तो प्रश्न होय.

प्रश्न समजण्यासाठी प्रथम तेथील घरे डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्टर हे होजिअरी आणि पादत्राणांच्या कारखान्यांचे शहर होते. कामगारांसाठी तेथे लाल विटांची, एकमेकांना भिंतीला भिंत लावून बांधलेली घरे उभी राहिली. त्यांना ‘टेरेस्ड हाउस’ म्हणतात. आपल्याकडील गच्चीशी या शब्दाचा काही संबंध नाही. पुढचे दार उघडले की एक पाऊल थेट पदपथावर पडते. काही घरांपुढे कमरेएवढी भिंत आणि दोन कुंड्या मावतील इतकीच जागा असते. मागे लहानशी बाग असते, पण तिच्यात मोटार जाऊ शकत नाही. ही घरे बांधली तेव्हा मोटार रस्त्यावर आलेली नव्हती, त्यामुळे कोणी तिचा विचार करण्याचे कारणच नव्हते. आज प्रत्येक घरात एक किंवा दोन मोटारी आहेत आणि त्या सर्व सार्वजनिक रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या असतात. ज्या शहरात २०१२ साली मोटारतळाखालील जमिनीत तिसरा रिचर्ड या राजाचे अवशेष सापडले, त्या शहरात मोटार उभी करण्याच्या जागेचे मोल वेगळे सांगायला नको.

शहराच्या बाहेरच्या भागात मात्र चित्र निराळे आहे. तेथे घरासमोर फरसबंद अंगण असते, त्याला ‘ड्राइव्हवे’ म्हणतात. भिंतीवर सात किलोवॉटचा चार्जर बसवायचा, रात्री मोटार जोडायची आणि सकाळी भरलेल्या बॅटरीने निघायचे, इतका तो व्यवहार सोपा आहे. इंग्लंडमध्ये साधारण तीन घरांमागे एका घराला अशी जागा नाही. हा भेद प्रथमदर्शनी केवळ सोयीचा वाटतो. आयुष्यभर खातेवह्या तपासलेल्या माणसाला त्यामागे पैशाचा भेद दिसल्याशिवाय राहत नाही.

आकडे मांडून पाहू. मोटार वर्षाला १३,००० किलोमीटरच्या आसपास चालते आणि एका युनिटमध्ये सुमारे साडेसहा किलोमीटर जाते असे धरले, तर वर्षाला २,००० युनिट वीज लागते. माझ्या मुक्कामाच्या काळात, म्हणजे २०२५ साली, विजेच्या मोटारींसाठी असलेल्या खास योजनेत घरच्या मीटरवर रात्रीचा दर युनिटला सात-आठ पेन्स होता. शंभर पेन्सचा एक पौंड होतो आणि पौंडाचे मोल शंभर रुपयांहून अधिक आहे. या दराने वर्षाचा खर्च १६० पौंडांच्या आत येतो. घरचाच मीटर, पण साधा दर म्हणजे सुमारे २६ पेन्स धरला, तर ५२० पौंड होतात. रस्त्यावरील मंदगती सार्वजनिक चार्जरवर ५० पेन्सच्या पुढे जावे लागते, म्हणजे किमान १,००० पौंड. महामार्गावरील वेगवान चार्जरचा दर ७५ पेन्सच्या घरात जातो, तेव्हा बेरीज १,५०० पौंडांवर पोहोचते. तेवढेच अंतर पेट्रोलच्या मोटारीने कापले, तर सुमारे सव्वाबाराशे पौंडांचे पेट्रोल लागते. याचा अर्थ असा की अंगण असलेल्याला विजेची मोटार मोठी बचत मिळवून देते, आणि अंगण नसलेला माणूस केवळ वेगवान चार्जरवर अवलंबून राहिला तर पेट्रोलपेक्षाही अधिक पैसे मोजतो. त्यात करही आहे. घरगुती विजेवर पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे, सार्वजनिक चार्जरच्या विजेवर तोच वीस टक्के आहे. ज्याच्याकडे जागा कमी, त्याच्याकडून कर अधिक, असा हा उलटा न्याय आहे.

आमच्या जावयांनी जुनी मोटार विकून विजेची मोटार घेतली होती आणि त्यांचे घर अशाच एका गल्लीत आहे. त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते ते पाहण्यात माझे बरेच दिवस आनंदात गेले.

पहिला मार्ग सर्वांना सुचतो तोच. खिडकीतून वायर बाहेर काढायची, पदपथावरून नेऊन मोटारीला जोडायची. वायर पायात येऊ नये म्हणून तिच्यावर रबराची उतरती पट्टी टाकायची. गल्लीत एके ठिकाणी असे केलेले होते. एका संध्याकाळी शेजारच्या वृद्ध इंग्रज बाई वॉकर घेऊन तेथवर आल्या. पट्टीवर वॉकरची चाके चढेनात. त्या क्षणभर थांबल्या आणि दोन मोटारींच्या फटीतून रस्त्यावर उतरून, वाहनांच्या वाटेने वळसा घालून पुन्हा पदपथावर आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या मुलीने ते खिडकीतून पाहिले आणि घरात येऊन एवढेच म्हणाली, “बाबा, आपल्याकडून हे व्हायला नको.” त्या घरात वायरीचा विषय त्या संध्याकाळीच संपला.

कायद्याची बाजूही आहे. पदपथ हा सार्वजनिक मार्गाचा भाग असून १९८० च्या हायवेज ॲक्टनुसार त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण करता येत नाही. कोणी अडखळून पडले, तर नुकसानभरपाईची जबाबदारी वायर टाकणाऱ्यावर येऊ शकते. विजेच्या दृष्टीने पाहिले तरी हा मार्ग जपूनच वापरावा लागतो. तेथील साध्या तीन पिनांच्या सॉकेटमधून मोटारीची सोबतची केबल साधारण दहा अँपिअर, म्हणजे २.३ किलोवॉट घेते, आणि तीही सलग आठ-दहा तास. इस्त्री किंवा किटली काही मिनिटे चालते. मोटार रात्रभर वीज ओढते. गुंडाळीवरची एक्स्टेंशन वायर पूर्ण न उलगडता वापरली, तर तिची उष्णता आतच कोंडते आणि वायरीवरील आवरण वितळू शकते. जुन्या घरातील वायरिंग प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासल्याशिवाय असा भार त्यावर टाकू नये.

दुसरा मार्ग म्हणजे पदपथात कोरलेली अरुंद पन्हळ. दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत फरशीत खाच पाडतात, तिच्यात केबल बसते आणि वर झाकण येते. पदपथ सपाट राहतो, त्यामुळे वॉकर, बाबागाडी, अंधांची काठी यांना अडचण येत नाही. ऑक्सफर्ड शहरात याचे प्रयोग आधी झाले, पुढे इतर शहरांनीही ते स्वीकारले. २०२५ च्या जुलैत ब्रिटिश शासनाने अशा सोयींसाठी स्थानिक संस्थांना अडीच कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. मात्र परवानगी ज्या त्या नगरपालिकेच्या धोरणावर अवलंबून असते आणि एका घरामागे खर्च हजार पौंडांच्या आसपास येतो. याहून मोठी अडचण निराळीच आहे. खाच तुमच्या दारासमोर असते, पण दारासमोरची रस्त्याची जागा तुमची नसते. तेथे दुसऱ्या कोणाची मोटार उभी असेल तर तिला हटवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिसरा मार्ग रस्त्यावरील दिव्याच्या खांबाचा. जुने दिवे काढून एलईडी दिवे बसवल्यावर खांबापर्यंत येणाऱ्या विजेपैकी बराच भाग शिल्लक राहतो. त्यावर सुमारे पाच किलोवॉटपर्यंतचा चार्जर चालू शकतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील सदरलँड ॲव्हेन्यू या रस्त्यावर २०२० साली चोवीस खांबांवर अशी सोय झाली. रस्ता खोदावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु अरुंद पदपथाच्या गल्ल्यांत दिव्याचे खांब बहुधा घराच्या भिंतीकडे रोवलेले असतात. तेव्हा केबल पुन्हा पदपथावरूनच न्यावी लागते आणि आपण पहिल्या अडचणीपाशी येऊन पोहोचतो. अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला वेगळा बुटका खांब उभारावा लागतो.

आमच्या जावयांनी चौथा मार्ग धरला, आणि व्यापारी घरांतील वाचकांना तोच अधिक रुचेल असे वाटते. बेलग्रेव्ह रोडवर दुकान असलेल्या एका गुजराती कुटुंबाचे घर थोड्या अंतरावर आहे. त्यांच्या घराला अंगण आहे आणि भिंतीवर सात किलोवॉटचा चार्जर आहे. त्यांची मोटार आठवड्यातून दोनच रात्री जोडलेली असते. जावयांनी विचारले तेव्हा त्या घरचे काका म्हणाले, “तुम्ही आमचेच आहात, पैशाचे काय घेऊन बसलात?” औदार्य मोठे होते, परंतु फुकटचा व्यवहार फार दिवस टिकत नाही. घेणारा संकोचाने येईनासा होतो, किंवा देणाऱ्याला कधीतरी ते ओझे वाटू लागते. म्हणून दोन्ही घरांनी बसून दर ठरवला, युनिटला १५ पेन्स. वार ठरला, गुरुवारची रात्र. चार्जरच्या ॲपमध्ये प्रत्येक वेळचे युनिट दिसतात. ते एका साध्या वहीत लिहायचे आणि महिनाअखेर रक्कम चुकती करायची. अशी ये-जा होणार असल्याचे काकांनी आपल्या घराच्या विमा कंपनीलाही कळवून ठेवले.

गणितही जुळले. स्वस्त दराची वेळ रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच अशी सहा तासांची आहे. सात किलोवॉटने सहा तासांत ४२ युनिट भरतात, म्हणजे २७० किलोमीटरच्या आसपास. आठवड्याची धाव २५० किलोमीटरची आहे. थंडीत बॅटरीचा पल्ला बराच कमी होतो, तेव्हा महिन्यातून एक-दोनदा सार्वजनिक चार्जरवर जावे लागेल, ते वेगळे धरावे. वर्षाची सर्व वीज या दराने घेतली तरी ३०० पौंड होतात. सार्वजनिक मंदगती चार्जरच्या तुलनेत सुमारे ७०० पौंड वाचतात, आणि काकांच्याही पदरात खर्च वजा जाता वर्षाला १४० पौंडांच्या जवळपास पडतात. दोन्ही पक्षांना लाभ आणि तिसऱ्या कोणाला त्रास नाही, हीच चांगल्या व्यवहाराची खूण. गुरुवारी रात्री जावई मोटार ठेवून पायी परत येतात, शुक्रवारी सकाळी मुलगी चालत जाऊन ती आणते. त्या निमित्ताने दोन घरांत चहा आणि खाकऱ्याची देवघेवही सुरू झाली आहे.

परत आल्यावर सांगलीच्या गणपती पेठेतून जाताना मला तीच गल्ली दिसू लागली. खाली दुकान, वर घर, समोर थेट रस्ता. आपल्याकडेही विजेच्या मोटारी आणि दुचाक्या वाढत आहेत, आणि पहिल्या मजल्याच्या सज्जातून वायर खाली सोडण्याचा मोह इथेही होणार. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवरून आपली मोटार चार्ज करण्यास मुभा आहे. मात्र मीटरचा मंजूर भार किती, अर्थिंग ठीक आहे का आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र वायर व एमसीबी आहे का, हे आधी तपासून घ्यावे. पुष्कळ व्यापारी कुटुंबांचे गावाबाहेर गोदाम असते आणि त्याला आवार असते. रात्री मोटार तेथे ठेवणे सोयीचे ठरू शकते. पण गोदामाचा मीटर बहुधा वाणिज्यिक दराचा असतो, तेव्हा घरच्या आणि गोदामाच्या बिलातील प्रति युनिट दर शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

मोटार खरेदी करण्यापूर्वी शोरूममध्ये रंग आणि किंमत विचारतो, त्याच्याही आधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. आठवड्याला किती किलोमीटर चालवणार, रात्री मोटार कोठे उभी राहणार, आणि तेथपर्यंत वीज कोणाच्या वाटेतून जाणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी संध्याकाळी काही वेळ दारात उभे राहावे आणि त्या वाटेने कोण कोण जाते ते पाहावे.