शिक्क्याखालचा शिक्का

तिगावात राहून नाणी वाचण्याचा व्यासंग करणाऱ्या मजसारख्याकडे पांढुर्णा-सौंसरच्या मुलुखातून सर्वांत अधिक येते ते एका बाजूस रामदरबार आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल मिरविणारे तांब्याचे नाणे. देवघरातल्या हळदीकुंकवाने माखलेला हा ऐवज मी बनावट ठरवितो तो अंमळ हळू आवाजातच, कारण कंपनीच्या टाकसाळीने असले नाणे कधी पाडले नाही हे जितके खरे, तितकीच घरच्या सासवासुनांनी त्याची मनोभावे पूजा केली हेही खरे.

प्राचीन नाण्यांवरील चिन्हांचा न्याय मात्र एवढा सोपा नाही. वऱ्हाडात मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळे येथे १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा जो मोठा निधी सापडला, आणि ज्याच्या आधारे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावे उजेडात आणली, त्यातील नाण्यांवर एका अंगाला सोंड उभारलेला हत्ती आहे, दुसऱ्या अंगाला चार टोकांस चार वर्तुळे धारण करणारे उज्जैन-चिन्ह. पोटीन ही मिश्रधातू ठिसूळ, तिचे घासकाम करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. नाणे खिडकीशी तिरपे धरावे, सावलीने रेषा उठू द्यावी, आणि मगच लेखणी उचलावी.

माझ्या नोंदवहीत वजन, व्यास, धातू, लेख असे रकाने आहेत. धर्माचा रकाना मी बुद्ध्याच ठेवलेला नाही. सातवाहनांच्या कमानीदार आकृतीला जुन्या पंडितांनी चैत्य म्हटले, इतरांनी पर्वत. स्वस्तिक आणि श्रीवत्स तर वैदिक, बौद्ध, जैन अशा तिन्ही घरचे. ज्या सातवाहन राजा गौतमीपुत्राला नाशिकचा शिलालेख अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरवितो, त्यानेच तेथील बौद्ध भिक्षूंना जमीन दिली. मग त्याच्या चिन्हांवर एकाच पंथाची मालकी आपण कोणत्या दस्तऐवजाने लावणार?

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाणी ह्याच राजाने पराभूत क्षत्रप नहपानाची नाणी न वितळविता तशीच ठोकून आपली केलेली आहेत. नहपानाच्या मुखवट्यावर तीन कमानींची टेकडी बसली आहे, त्याच्या बाण-वज्रावर उज्जैन-चिन्ह. आणि जेथे नवा ठसा उथळ पडला, तेथे कमानीच्या बाजूने खालच्या ठशातील ग्रीक अक्षरांची टोके अजून डोकावतात. चांदी तीच, वजन तेच. सराफाला फक्त नवा धनी कळला पाहिजे. अशा नाण्याच्या नोंदीत मी दोन्ही ठसे लिहितो, खालचा आधी.