वगळलेले गाणे

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर लाल शाईने मी ओढलेली एक रेघ मला अजून दिसते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मराठी शाळेतील आठवीच्या एका मुलीला कन्नड देशभक्तिगीत म्हणायचे होते. आई कन्नड, वडील मराठी. सीमाभागात अशी घरे काही कमी नाहीत. एक पालक कार्यालयात आले. "सर, आपल्या शाळेत हे कशाला?" एवढेच म्हणाले. मराठीसाठी मी स्वतः मोर्चांत चाललेला माणूस, त्याचा खेद आजही नाही. पण त्या दिवशी मी मराठीसाठी नव्हे, कटकट नको म्हणून रेघ मारली. मुलीला सांगितले, वेळ कमी आहे. "बरं सर," म्हणून ती गेली.

आणि मी इतिहासाचा एम. ए.! कुरुंदवाडला जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये 'वंदे मातरम्' म्हणू लागले, तेव्हा अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्माच्या कारणावरून गाण्यालाच हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहीत, गीत पुरे केले. हा प्रसंग मी वर्गात किती रंगवून सांगत असे!

पुढच्याच वर्षीचे, डिसेंबर १९२४ चे अधिवेशन तर आमच्या बेळगावचे. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात. तिथे स्वागतगीत गायला धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. पुढे गंगूबाई हनगल म्हणून देशाने ओळखली ती हीच. तिला गाण्याची धास्ती नव्हती. आपल्या जातीमुळे जेवणानंतर उष्टी पाने उचलायला सांगतील की काय, ही होती. मोठेपणी त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. स्वागताला गळा हवा, पण पंगतीला माणूस नको, ही भीती त्या वयात! ती मनात ठेवूनही ती गायली.

हे वाचले त्या रात्री मला ते "बरं सर" आठवले.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मीच त्या मुलीला बोलावले. तिने विचारले, "वेळ आहे का सर?" टोमणा नव्हता, खरेच विचारत होती. ती गायली. दुसऱ्या कडव्यात अडखळली, पेटीवाल्या गुरुजींनी सूर धरून ठेवला, मग सावरली.

ते पालक पुढच्याच रांगेत होते. आता रस्त्यात भेटले की नमस्कार होतो, पूर्वीसारखे थांबून बोलणे होत नाही.